लाकडी पेनावरील गोंदाची झिलई

घरातल्या लाकडी वस्तूंमध्ये पेनाइतका माणसाच्या हाताचा सहवास क्वचितच कुठल्या वस्तूला लाभतो, आणि म्हणून त्याच्या पृष्ठभागाची परीक्षाही तितकीच कठोर असते. बोटांचा घाम, त्वचेचे तेल, सांडलेली शाई, खिशातल्या किल्ल्यांचे घासणे आणि अलीकडे हातावरचे सॅनिटायझर, हे सर्व त्याला एकाच वेळी सोसावे लागते. देवघराच्या चौकटीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर वर्षानुवर्षे टिकणारे लाखेचे पॉलिश पेनावर मात्र बोटे टेकतात नेमके त्याच जागी उतरते, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, उष्णतेने मऊ पडते आणि ओलावा सतत लागत राहिला की पांढुरकी होते. तेल आणि मेण यांचा स्पर्श सुखद असतो, परंतु त्यांचा थर लाकडावर उभा राहत नाही. तो वापरात झिजतो आणि उघडी पडलेली जागा मळ धरते. या अडचणीवर लेथवर पेन घडवणाऱ्यांनी जो उपाय स्वीकारला तो चटकन चिकटणाऱ्या गोंदाचा, म्हणजे घरोघरी फेविक्विक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सायनोॲक्रिलेट जातीच्या गोंदाचा आहे. या गोंदाचे पातळ थर एकावर एक देऊन ते घासले म्हणजे लाकडावर काचेसारखे पारदर्शक आणि कठीण आवरण तयार होते.

हा पदार्थ मुळात झिलईसाठी तर नव्हेच, पण चिकटवण्यासाठीही शोधला गेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 मध्ये, बंदुकीच्या नेमदर्शकासाठी स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक हवे म्हणून हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत प्रयोग करत होते; त्यात हाती आलेला हा द्रव ज्याला लागेल त्याला चिकटून बसतो म्हणून तो बाजूला ठेवला गेला. पुढे 1951 मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीत कूव्हर यांच्याच देखरेखीखाली काम करणाऱ्या फ्रेड जॉयनर यांनी या द्रवाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वळतो याचे माप, काढण्यासाठी त्याचा थर उपकरणाच्या दोन काचेच्या लोलकांमध्ये दिला, आणि ते लोलक पुन्हा सुटे होईनात. त्यानंतर 1958 मध्ये तो गोंद म्हणून बाजारात आला. त्याच्या चिकटण्याचे कारण ओलाव्यात आहे. हवेतल्या किंवा पृष्ठभागावरच्या पाण्याचा अंश मिळताच या द्रवाचे सुटे रेणू एकमेकांना धरून लांब साखळ्या बनवू लागतात आणि काही क्षणांत द्रवाचे घन प्लॅस्टिक होते. दोन पृष्ठभागांच्या फटीत दाबलेला गोंद झटकन धरतो आणि उघड्यावर पसरलेला थर त्यामानाने सावकाश धरतो, हा फरक झिलई देणाऱ्याने पहिल्यापासून ध्यानात ठेवावा लागतो.

लाकूड पाण्याने भिजवले की त्याचा रंग खुलतो आणि सुकले की मावळतो, ही साधी गोष्ट या झिलईचे मर्म सांगते. कोरड्या लाकडाच्या असंख्य सूक्ष्म पोकळ्यांत हवा असते. हवा आणि पेशीभित्ती यांच्या अपवर्तनांकात मोठे अंतर असल्यामुळे प्रकाश प्रत्येक सीमेवर विखुरतो आणि लाकूड फिके, पिठूळ दिसते. पातळ गोंद या पोकळ्यांत भिनतो आणि त्याचा अपवर्तनांक पेशीभित्तीच्या बराच जवळचा असल्यामुळे प्रकाश विखुरल्याशिवाय खोलवर जाऊन रंग घेऊन परततो. शिसवाच्या काळपट जांभळ्या रेघा किंवा बाभळीच्या गाभ्यातला तांबूसपणा गोंदाच्या पहिल्याच हाताने जो उमलतो तो यामुळे, आणि पाणी उडून गेल्यावर मावळणारा हा रंग गोंदाखाली कायमचा राहतो.

आपल्याकडील लाखकामाशी या पद्धतीची तुलना केली तर तिचे वेगळेपण स्पष्ट होते. सावंतवाडीच्या किंवा कर्नाटकातील चन्नपट्टणच्या लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली जाते, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, आणि चन्नपट्टणात केवड्याच्या जातीचे पान त्यावर दाबून ती एकसारखी चकचकीत केली जाते. तेथे चढवणे आणि चकाकणे ही एकच क्रिया आहे. गोंदाच्या बाबतीत या दोन क्रिया पूर्णपणे वेगळ्या होतात. चढवलेला गोंद कधीही सपाट बसत नाही, आणि थर कितीही दिले तरी त्यांच्या लाटा तशाच राहतात. चकाकी येते ती नंतर त्यातला बराचसा गोंद घासून काढल्यावर, आणि म्हणून या कामाचा खरा कस कागदाच्या घासणीत लागतो, बाटलीत नव्हे.

पूर्वतयारीबद्दल थोडक्यात सांगता येते. लाकडाच्या चौकोनी तुकड्याला लांबीच्या दिशेने भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवली जाते (सर्वांत प्रचलित सडपातळ पेनासाठी ती 7 मिलिमीटरची असते), मग तो तुकडा दोन टोकांना ‘बुश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धातूच्या मापाच्या कड्या लावून लेथवर गोल कातला जातो. कातताना लाकूड बुशच्या मापापेक्षा किंचित बारीक ठेवले जाते, कारण उरलेली जागा गोंदाच्या थराने भरायची असते. साग किंवा शिसव यांसारख्या तेलकट लाकडांवर गोंद नीट धरत नाही, म्हणून थर देण्यापूर्वी ॲसिटोनने भिजवलेला बोळा फिरवून वरचे तेल काढून घ्यावे लागते. रेघांत अडकलेली धूळ मात्र कुठल्याही लाकडावरून काढावीच लागते, नाहीतर ती गोंदाखाली राखाडी ठिपके होऊन राहते आणि मग तिला हात लावता येत नाही.

थर देताना लेथ अगदी सावकाश फिरवला जातो. टिश्यू पेपरची चौपदरी घडी लाकडाच्या खालच्या बाजूला धरायची, वरून दोन-तीन थेंब सोडायचे आणि घडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच ओढीत न्यायची, हा सर्वसाधारण रिवाज आहे. पहिले थर पाण्यासारख्या पातळ गोंदाचे असतात, कारण त्यांनी लाकडात भिनायचे असते. नंतरचे मधासारख्या दाटसर गोंदाचे असतात, कारण त्यांनी वर उभे राहायचे असते. परत मागे येऊन एखादी राहिलेली जागा सारखी करण्याचा मोह टाळावा, कारण तोवर गोंद ओढू लागलेला असतो आणि कागदाचे तंतू त्यात रुततात. या कामात सुती कापड कटाक्षाने वर्ज्य आहे. कापसावर हा गोंद इतक्या वेगाने धरतो आणि त्यातून इतकी उष्णता निघते की कापडातून धूर येतो, प्रसंगी ते पेटते आणि बोटे भाजतात. त्याच्या वाफा डोळ्यांच्या ओलाव्यावरही धरतात, म्हणून खिडकी उघडी आणि पंख्याची हवा चेहऱ्याकडून बाहेर जाईल अशी व्यवस्था असावी.

थर लवकर धरावा म्हणून ॲक्सिलरेटर नावाचा द्रव फवारला जातो. घाईने जवळून फवारले किंवा थर जाड असला तर आतली उष्णता गोंदाला उकळी आणते आणि आवरणात बुडबुड्यांचे पांढरे ढग गोठतात. यावर तो थर काढून टाकण्याखेरीज इलाज नाही. हवामानाचा परिणामही ओलाव्याच्या त्याच नियमाने होतो. कोकणातल्या पावसाळ्यात गोंद हातातून ओढला जाण्याआधीच धरू पाहतो आणि कधी त्याच्या वाफा पृष्ठभागावर पांढरट धुके होऊन बसतात, तर विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तोच थर बराच वेळ चिकट राहतो. म्हणून किती सेकंद थांबावे हे पुस्तकातून घेण्यात अर्थ नसतो; त्या दिवशीच्या हवेत त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर ते पाहून घ्यावे.

घासणीचे काम पाण्यासह, ओल्या घासकागदाने करणे श्रेयस्कर, कारण कोरड्या घर्षणाची उष्णता आवरण मऊ करते. पहिल्या कागदानंतर लेथ थांबवून पेन तिरप्या प्रकाशात धरले की सगळा पृष्ठभाग धुरकट दिसतो आणि त्यात मधूनमधून चमकणारे बारीक ठिपके व रेघा उरलेल्या असतात. नवख्याला ते ठिपके चांगले वाटतात. प्रत्यक्षात ते खड्डे असतात, जिथे कागद अजून पोचलेला नाही. शेवटचा चमकता ठिपका विझेपर्यंत, सगळा पृष्ठभाग एकसारखा निस्तेज होईपर्यंत घासणे हाच या कलेतला संयमाचा भाग आहे. त्याच वेळी बोटांवर येणाऱ्या चिखलाकडे लक्ष हवे. गोंदाचा चिखल दुधाळ पांढरा असतो. त्यात तपकिरी छटा उतरली की कागद आवरण फाडून लाकडाला लागला असे समजावे, आणि थांबून त्या जागी पुन्हा थर द्यावेत. सपाटी साधल्यावर 1500 पासून 12000 क्रमांकापर्यंतच्या, मायक्रोमेश नावाच्या अतिबारीक नऊ घासण्या क्रमाने वापरल्या जातात, आणि प्रत्येक घासणीनंतर लेथ थांबवून लांबीच्या दिशेने काही ओढी दिल्या जातात, म्हणजे फिरत्या लाकडावरचे गोलाकार ओरखडे पुढच्या घासणीला उरत नाहीत. एखादी घासणी वगळली तर ते लगेच कळत नाही. उन्हात पेन फिरवल्यावर बारीक कडी दिसू लागतात.

या झिलईवर होणारा मुख्य आक्षेप असा की तिने लाकडाचे प्लॅस्टिक होते. आक्षेप पूर्णतः चुकीचा नाही, कारण बोट ज्याला लागते ते खरोखरच प्लॅस्टिक असते. परंतु दोष पदार्थाचा कमी आणि जाडीचा जास्त आहे. काताईतले खड्डे बुजवण्यासाठी थरांवर थर चढवलेले पेन डोळ्याला बाटलीत ठेवल्यासारखे दिसते, लाकूड आत कुठेतरी दूर वाटते. उलट नीट कातलेल्या, बारीक कागदापर्यंत घासलेल्या लाकडावर दशांश मिलिमीटरच्या घरातले आवरण पुरते, आणि तेव्हा रेघा पृष्ठभागावरच आहेत असे वाटते. थर किती द्यावेत याचा निर्णय म्हणूनच पटाशीच्या शेवटच्या हाताने होतो, आणि ज्याला तो हात साधला नाही त्याने बाटली उघडण्यापूर्वी पुन्हा लेथ सुरू करावा.

झिलई झाल्यावरही पेन बिघडण्याच्या दोन जागा उरतात. गोंद लाकडावरून बुशवर सलग पसरलेला असतो, आणि तो जोड धारदार पात्याने कापून न घेता पेन ओढून काढले तर टोकाच्या आवरणाचा कपचा उडतो; यासाठी थर देण्यापूर्वीच धातूचे बुश काढून गोंद ज्याला धरत नाही अशा पॉलिथिलीनचे शंकू लावणे अधिक सोयीचे. दुसरी जागा पितळी नळीच्या आत आहे. तिथे ओघळून वाळलेला गोंद कोरून काढला नाही, तर धातूचे भाग दाबून बसवताना नळी फुगते, लाकडाला तंतूंच्या दिशेने बारीक चीर जाते आणि काचेसारख्या आवरणाखाली ती पांढऱ्या रेघेच्या रूपाने दिसते. त्यावर वरून काही उपाय चालत नाही, आवरण आणि लाकूड दोन्ही नळीपर्यंत कातून काढावे लागतात.