साठच्या वेगमर्यादेचा डोंगर

सिडनीपासून बॅथर्स्ट साधारण दोनशे किलोमीटर. ऑक्टोबरात, मोटारशर्यतीच्या त्या एका आठवड्यात या रस्त्यावरची निम्मी वाहनं तिकडेच निघालेली असतात. छपरावर तंबूच्या काठ्या, मागे ट्रेलर, ट्रेलरवर चक्क घरातले जुने सोफे आणि खिडकीतून फडफडणारा लाल किंवा निळा झेंडा. लाल म्हणजे होल्डन, निळा म्हणजे फोर्ड. होल्डनने ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं २०१७ मध्येच थांबवलं, पुढे नावही मोडीत काढलं. पण लाल झेंडे काही खाली आलेले नाहीत. मी २०२४ साली पॅरामटाला ताईकडे गेलो होतो. भाचा तिथेच वाढलेला आणि कट्टर फोर्डवाला. “मामा, ऑपेरा हाउस कुठे पळून जात नाही. तू बॅथर्स्टला चल,” एवढं म्हणून त्याने माझी बॅग स्वतःच डिकीत टाकली.

वाट ब्लू माउंटन्समधून जाते. या डोंगरांनी सिडनीच्या वसाहतीला पंचवीस वर्षं अडवून धरलं होतं. इथल्या मूळ रहिवाशांना वाटा ठाऊक होत्याच. गोऱ्यांना पलीकडे जायची वाट सापडली ती १८१३ साली. मग विल्यम कॉक्स नावाच्या अधिकाऱ्याने तीस कैदी हाताशी घेऊन १०१ मैलांचा रस्ता सहा महिन्यांत बांधून काढला. आजचा हमरस्ता त्याच्याच आसपासून जातो. उतरणीला लिथगो लागतं. तिथे १८६९ साली रेल्वे खाली उतरवण्यासाठी झिगझॅग बांधली होती: गाडी कड्याच्या टोकापर्यंत जाणार, थांबणार आणि उलट्या दिशेने पुढचा टप्पा उतरणार. हीच युक्ती आपल्या बोरघाटात त्याआधी सहा वर्षं चालू झाली होती. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने मान डोलावली आणि रेडिओवर सरावाच्या वेळा लावल्या.

बॅथर्स्ट हे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातलं पहिलं युरोपीय गाव, १८१५ सालचं. जमीन विराडजुरी लोकांची. वस्ती वाढली, मेंढ्या वाढल्या, शिकारीच्या आणि कंदमुळांच्या जागा गेल्या, आणि संघर्ष पेटला. १८२४ साली गव्हर्नरने इथे लष्करी कायदा पुकारला. तो चार महिने चालला. किती विराडजुरी मारले गेले याचा हिशोब कुणी ठेवला नाही. त्यांचा नेता विंड्राडाइन वर्षअखेरीला आपली माणसं घेऊन हेच डोंगर पायी ओलांडून गव्हर्नरच्या मेजवानीला गेला. त्याच्या टोपीवर ‘शांतता’ असा शब्द लावलेला होता. मेजवानी होती पॅरामटाला. ताई तिथे इतकी वर्षं राहते, तिला हे ठाऊक नव्हतं, आणि ज्या रस्त्याने आम्ही दोन-अडीच तासांत आलो त्याच्या कडेलाही मला त्याची कुठे खूण दिसली नाही.

शर्यतीचा डोंगर गावाला चिकटूनच आहे. नकाशावर माउंट पॅनोरामा. विराडजुरी त्याला वालू म्हणतात, आणि २०१५ पासून दोन्ही नावं अधिकृत आहेत. डोंगराला वळसा घालणारा ६.२१३ किलोमीटरचा रस्ता हीच शर्यतीची वाट. त्याच्या जन्माची गोष्ट मला फार आवडली. १९३० च्या दशकात मंदी होती, बेकार हातांना काम द्यायला सरकारकडे निधी होता, पण तो शर्यतीच्या ट्रॅकसाठी मिळणं शक्य नव्हतं. महापौर मार्टिन ग्रिफिन यांनी मागणी केली ती पर्यटकांसाठी निसर्गरम्य रस्त्याची. ७२ च्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडून जसे रस्ते झाले, तसाच हाही बेकारांच्या घामातून झाला. मार्च १९३८ मध्ये त्याचं उद्‌घाटन झालं, आणि महिन्याभरात, ईस्टरला, त्याच निसर्गरम्य रस्त्यावर ऑस्ट्रेलियन ग्रां प्री भरली! डांबरसुद्धा पडलं नव्हतं. पहिल्या चढावरच्या वळणाला आज ग्रिफिन यांचं नाव आहे, आणि ते त्यांनी पुरेपूर कमावलेलं आहे.

आत्ताची जी मोठी शर्यत, ती मूळची इथली नाही. १९६० ते ६२ ती फिलिप बेटावर व्हायची. तिथला पृष्ठभाग गाड्यांनी उखडला म्हणून १९६३ साली इथे आली. अंतर पाचशे मैल, आणि अट अशी की गाडी शोरूममधून कुणालाही विकत घेता येईल अशीच हवी. त्यामुळे प्रेक्षकाच्या दारात उभी असलेलीच गाडी डोंगरावर धावताना दिसायची. १९६६ साली मिनी कूपरने पहिले नऊ क्रमांक पटकावले. पुढच्या वर्षी फोर्डची फाल्कन जिंकली, त्याच्या पुढच्या वर्षी होल्डनची मोनारो, आणि तिथून देश उभा चिरला गेला. रविवारी जो जिंकेल त्याच्या गाड्या सोमवारी खपणार, असा सरळ हिशोब होता. १९७३ पासून अंतर हजार किलोमीटर झालं. मी धावताना पाहिल्या त्या मस्टँग आणि कॅमारो फक्त दिसायला बाजारातल्या गाड्यांसारख्या. आतला सांगाडा खास शर्यतीसाठी बांधलेला. माझ्या मते यात काहीतरी हरवलं आहे. भाच्याच्या मते मामाला गाड्यांतलं काही कळत नाही.

शनिवारी आम्ही माथ्यावर, मॅकफिलामी पार्कला गेलो. इथे लोक आठवडाभर तंबू ठोकून राहतात. ते ट्रेलरवरचे सोफे शेवटी इथेच येऊन विसावलेले. दारूवर माणशी रोजची मर्यादा घातलेली आहे. पूर्वी काही बहाद्दर आधीच येऊन बिअरचे डबे जमिनीत पुरून ठेवत, असं शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्याने डोळे मिचकावत सांगितलं. निलगिरीच्या झाडांचा वास, त्यात भाजणाऱ्या सॉसेजचा धूर, आणि मध्येच खालून चढत येणारा आवाज. गाडी दिसण्याच्या बऱ्याच आधी कळते. काँक्रीटच्या दोन भिंतींमधून ती डावीकडे वळते, स्कायलाइनवर येते आणि पुढे रस्ताच संपल्यासारखा दिसतो, कारण तिथून तो एकदम खाली कोसळतो. क्षणभर पुढचं चाक हलकं होतं, मागच्या टायरमधून निळसर धुराची रेघ निघते, ब्रेकच्या तबकड्या दिवसाढवळ्या लाल दिसतात, आणि गाडी नजरेआड. पायाखालची जमीन तेवढी थरथरत राहते. तळापासून माथा १७४ मीटर उंच, काही ठिकाणी चढ सहास एक. टीव्हीवर हा डोंगर सपाट दिसतो. इथे उभं राहिल्यावर मान दुखते.

वळणांची नावं वाचली की अर्धा इतिहास कळतो. खाली उतरणारी लांब सरळ रेषा म्हणजे कॉनरॉड स्ट्रेट: फ्रँक क्लाइनिगच्या गाडीचा कनेक्टिंग रॉड तिथे तुटला, म्हणून. आज तिथे गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्या जवळ जातात. त्या रेषेच्या शेवटाला १९८६ साली माइक बर्गमन हा चालक गेला. दुसऱ्या वर्षी तिथे ‘द चेस’ हे नवं वळण काढलं, आणि ते त्याच्या स्मृतीला वाहिलेलं आहे.

पायथ्याच्या संग्रहालयाजवळ पीटर ब्रॉकचा पुतळा आहे. त्याने ही शर्यत नऊ वेळा जिंकली. त्यातली १९७९ ची तर सहा फेऱ्यांच्या आघाडीने, आणि एवढी आघाडी असताना शेवटच्या फेरीत त्याने फेरीचा विक्रम मोडला. गरज काडीचीही नव्हती. त्याच्या गाडीवर ०५ हा आकडा असे. दारू पिऊन गाडी चालवू नका, या मोहिमेतली रक्तातल्या दारूची ०.०५ ही मर्यादा त्यातून लोकांच्या डोक्यात भरवायची होती. मघाच्या तंबूंच्या संदर्भात हे मला फारच मोलाचं वाटलं. ब्रॉक २००६ साली दुसऱ्या एका शर्यतीत अपघाताने गेला. विजेत्याला मिळणारा चषक तेव्हापासून त्याच्या नावाचा आहे.

पण भाच्याचं दैवत डिक जॉन्सन. १९८० साली तो स्वतःच्या खिशातून फोर्ड घेऊन आला, आघाडीवर होता, आणि चढावर त्याच्यासमोर रस्त्यात भलामोठा दगड. एका बाजूला टोइंगचा ट्रक, जायला वाट नाही. गाडी चक्काचूर. टीव्हीवर बोलताना तो रडला. त्याच दिवशी देशभरातून लोकांनी फोन करून पैसे द्यायला सुरुवात केली. जेवढे जमले तेवढेच आणखी फोर्ड कंपनीने घातले. पुढच्या वर्षी तो परत आला आणि जिंकला. ही गोष्ट सांगताना भाच्याचा आवाज बदलतो. तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

रविवारची शर्यत १६१ फेऱ्यांची. दोन चालक आळीपाळीने चालवतात. सहसा अपघात होतात, सेफ्टी कार येते, सगळे पुन्हा एकत्र येतात आणि शेवटच्या तासात लढाई होते. त्या रविवारी असं फारसं झालंच नाही. ब्रोडी कोस्टेकी आणि टॉड हेझलवूड यांची कॅमारो पहिल्या जागेवरून सुटली, आणि शर्यत सहा तासांच्या आत आटोपली. पूर्ण अंतराची शर्यत इतक्या लवकर कधीच संपली नव्हती. शेवटच्या फेऱ्यांत ब्रॉक फीनी कोस्टेकीच्या अगदी मागे चिकटून होता, दोघांत दोन सेकंदांचंही अंतर उरलं नाही. पण कोस्टेकी चुकला नाही. पहिल्या दोन्ही गाड्या कॅमारो, म्हणजे जुन्या लाल झेंडेवाल्यांच्या. भाच्याने रात्रीचं जेवण मुकाट्याने उरकलं.

तंबूंनी भरलेल्या त्याच माथ्यावर गावाच्या परिषदेला गो-कार्टचा ट्रॅक बांधायचा होता. विराडजुरी मंडळींनी विरोध केला, कारण वालू ही मुलग्यांना पुरुषपणात घेण्याच्या विधींची जागा. २०२१ साली केंद्र सरकारने तो प्रकल्प थांबवला. तंबूंमध्ये मी दोन-चार जणांकडे विषय काढून पाहिला. निम्म्यांना तो ठाऊक नव्हता, एकाने जमीन सगळ्यांची असते म्हणून झटकून टाकलं, आणि त्या म्हाताऱ्याने मात्र सांगितलं की शर्यत वर्षातून काही दिवसांची, डोंगर बाराही महिने कुणाचा तरी असतो.

एरवी ही सार्वजनिक सडक. कडेला घरं आहेत, द्राक्षमळे आहेत, दोन्ही बाजूंनी रहदारी चालते आणि वेगमर्यादा ताशी साठ. सोमवारी परतण्याआधी आम्हीही एक फेरी मारली. शर्यतीच्या गाड्या दोन मिनिटं आणि काही सेकंदांत जी फेरी संपवतात तिला साठच्या वेगाने सव्वासहा मिनिटं लागतात, आम्हाला बरीच जास्त लागली. कटिंग नावाच्या चढावर भाच्याला थेट पहिल्या गिअरवर यावं लागलं. भिंतींवर कालच्या रंगाचे ओरखडे ताजे होते, आणि एका फाटकाशी बाई टपालपेटी उघडून पत्रं काढत होत्या. कॉनरॉडच्या उतारावर मागून एका निळ्या मस्टँगने हॉर्न वाजवला. भाचा काटा साठच्या पुढे जाऊ देईना. “मामा, इथे पोलिसांचं लक्ष असतं,” म्हणत त्याने कडेला घेऊन तिला वाट दिली. मस्टँग सुसाट गेली. चेसच्या वळणापलीकडे तिचा मालक खिडकीतून परवाना बाहेर धरून बसलेला होता, आणि पोलीस निवांतपणे वहीत लिहीत होता. “तोही फोर्डवालाच,” भाचा म्हणाला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.