आधी वेलांटी, मग अक्षर

आत्याचा विषय निघाला की आम्ही सहाही भावंडं एकदम बोलायला लागतो. कोसबाडच्या टेकडीवरचं तिचं कौलारू घर, पोत्याखाली पिकत घातलेल्या चिकूंचा वास, अंगणात चिंचोक्यांनी मांडलेली अक्षरं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून कोसबाडला आल्या. त्यानंतर चारेक वर्षांनी आत्या त्यांच्या शाळेत शिकवायला लागली. वारली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात जाई. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून ती मुलांचं बोट फिरवून घेई आणि त्याच वेळी तोंडानं उच्चार करायला लावी. आम्हालाही तिनं असंच शिकवलं. नुसता आकार गिरवला तर रागवायची, "आवाज कुठाय त्याचा?"

निवृत्तीनंतर तिनं हे सगळं वहीत लिहून काढलं. १९९९ मध्ये धाकट्यानं डहाणूतल्या एका डीटीपीवाल्याकडून ते टाइप करून घेतलं. तीन फ्लॉप्या आल्या. त्यांवर आत्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘कुरण १, २, ३’. पुढच्याच पावसाळ्यात माळ्यावरच्या वहीला वाळवी लागली. "फ्लॉपीत आहे ना," असं आम्ही सगळेच म्हणालो, हे आज आठवलं की पोटात तुटतं.

आत्या गेल्यावर, २०११ मध्ये, त्या उघडायला घेतल्या. फ्लॉपी वाचणारा कॉम्प्युटर मिळायलाच आठवडा लागला. पानं ज्या सॉफ्टवेअरमध्ये लावली होती, ते तोवर बाजारातून गेलं होतं, आणि फाइलची आतली रचना फक्त ते बनवणाऱ्यांना ठाऊक. खटपट करून मजकूर बाहेर काढला, तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांची रास.

त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटमध्ये रोमन अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असे. आपल्याला काना दिसे; कॉम्प्युटरच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षरच. प्रत्येक कंपनीनं जागा आपापल्या मनानं वाटलेल्या. खरं तर इस्की हे भारतीय प्रमाण १९९१ मध्ये ठरलं होतं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. दोन्हींत ‘क’ला ‘क’ म्हणूनच क्रमांक आहे, फाँट कुठलाही असो. पण छपाईच्या दुकानांत ते फार उशिरा पोचलं. आमच्या फाइलीत नुसते आकार होते. आवाज नव्हता.

ताईकडे पहिल्या प्रकरणाची चार छापील पानं निघाली. त्या दिवाळीत आम्ही सगळे जेवणघरात बसलो. एक जण छापील पान वाचणार, दुसरा पडद्यावरची खूण सांगणार, तिसरा कोष्टक भरणार. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, रफार अक्षराच्या नंतर; उच्चाराच्या नेमकं उलट. ते लक्षात आलं तेव्हा वहिनी ओरडलीच. रात्री दोनला ‘करवंदांची जाळी’ हे शब्द नीट उमटले आणि कुणी काही बोललंच नाही.

आता तो मजकूर युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलीत आहे. दुसरी प्रत ओडीएफमध्ये. २००६ पासून ते आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, त्याची रचना कुणालाही वाचता येते. शिवाय सहा घरांत सहा छापील प्रती.

तिसऱ्या फ्लॉपीतल्या एका वारली गाण्यात तीन शब्द राहिले आहेत. त्यांतली जोडाक्षरं आमच्या चार पानांत कुठेच नव्हती. अंदाजानं आम्ही ती भरली नाहीत. मूळ खुणा तशाच ठेवल्या आहेत, आणि आत्याकडे शिकलेल्या बायका भेटल्या की ताई त्यांना ते गाणं म्हणायला सांगते.