मांडीवरची थोरली

रिकनबॅकरची ‘मॉडेल बी’ गिटार पहिल्यांदा उचलणारा हमखास फसतो. दिसायला एवढीशी, काळीभोर, अंगावर क्रोमच्या पाच चकचकीत पट्ट्या. उचलायला जावं तर मनगटच खाली येतं. बरं, बाई भरीवही नाही. आतून बरीचशी पोकळ आहे आणि त्या पट्ट्या म्हणजे पोकळीवरची झाकणं. लाकडाचा तिला स्पर्श नाही. सगळी बेकेलाइटची, आपल्या जुन्या घरांत विजेची काळी गोल बटणं असत त्याच मालाची.

गळ्यात पट्टा अडकवून मिरवणं तिला ठाऊक नाही. ती मांडीवर आडवी पडते. तारा इतक्या उंच की बोटाने दाबायची सोयच नाही. डाव्या हातातला स्टीलचा बार त्यांवरून फिरवायचा, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. फ्रेट आहेत, पण साच्यातच उठवलेले, निव्वळ खुणेपुरते. बार केसभर सरकला की सूर गेला. झाकपाक करून घेणं तिच्या स्वभावात नाही. म्हणूनच दिवाणखान्याच्या भिंतीवर तिला टांगणारे पुष्कळ आणि वाजवणारे थोडे.

घराणं हवाईचं. तारांवरून पोलाद सरकवून वाजवण्याच्या युक्तीचं श्रेय तिथल्या जोसेफ केकुकूला देतात. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेने हे संगीत ऐकलं आणि घरोघरी त्याचं वेड लागलं. अडचण एकच: वाद्यवृंदात गिटारीचा आवाज बुडून जाई. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशॅम्प आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी त्यावर तोडगा काढला. घोड्याच्या नालाच्या आकाराचे दोन चुंबक समोरासमोर ठेवले, खाली तारेचं वेटोळं आणि मधून गिटारीच्या तारा. हाच तो पिकअप. 1931 मध्ये लाकडी नमुना झाला, 1932 मध्ये ॲल्युमिनियमची ओतीव गिटार बाजारात आली. वाटोळं पोट, लांब दांडा. लोकांनी नाव ठेवलं ‘फ्राइंग पॅन’. बाजारात टिकून राहिलेली पहिली विजेवरची गिटार ती हीच. पेटंट 1937 साली मिळालं. हे यंत्र खरंच वाजतं का, अशी शंका पेटंट कचेरीला होती. तेव्हा सोल होओपीसारखे वादक पाठवून साहेबांना चक्क वाजवून दाखवावं लागलं, असं सांगतात.

पण या ‘पॅन’चं डोकं लवकर तापे. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने ॲल्युमिनियम प्रसरण पावे आणि सूर हलत. म्हणून 1935 मध्ये ही बेकेलाइटची बहीण आली, थंड डोक्याची. आवाज? जाड, गोल आणि गाता. माझं मत विचाराल तर विजेच्या गिटारीतून आजवर निघालेल्या सर्वांत देखण्या आवाजांपैकी हा एक. ओहायोचा वादक जेरी बर्ड अशाच बेकेलाइटवर घडला, आणि पुढे होनोलुलूत जाऊन हवाईच्याच मुलांना हवाईचं वाद्य शिकवत राहिला.

तिचं दुखणं म्हणजे ठिसूळपणा. पडली की संपली. विकत घेताना जाणकार आधी आवाज ऐकत नाहीत, नालांची रुंदी मोजतात. दीड इंच म्हणजे महायुद्धाआधीची, सव्वा इंच म्हणजे नंतरची. भाव तिथेच ठरतो. मग मान जिथे अंगाला जोडली आहे तिथले तडे बघतात. कुणी अंगठ्याने घासून वास घेतो: बेकेलाइट खरं असेल तर कार्बोलिकसारखा दर्प येतो. अनोळखी माणसाने नाल खोलून ठेवले असतील तर चुंबक दुबळा झालेला असू शकतो, हेही बघायचं. एवढी तपासणी आपल्याकडे स्थळ बघतानाही होत नाही.

इतकं करून किंमत? तिचं नशीब त्यातल्या त्यात बरं, पण एकंदर लॅप स्टील, म्हणजे मांडीवरची गिटार, म्हटलं की त्याच सालच्या, त्याच कंपनीच्या उभ्या गिटारीच्या मानाने किरकोळ पैशांत मिळते. थोरलीला धाकटीचं जुनं लुगडं. शिकागोच्या ‘सुप्रो’ लॅप स्टीलचे हाल तर बघवत नाहीत. गिटारवादक राय कूडरने आपल्या गिटारीत सुप्रोचा पिकअप बसवला, त्याचा आवाज लोकांना भावला, आणि तेव्हापासून त्या एका पिकअपसाठी धडधाकट सुप्रो सोलल्या जातात. मला हा व्यवहार पटत नाही.

आपल्याला मात्र या वाद्याची ओढ कळायला हवी. ते सुरावरून सुरावर घसरत जातं, आणि मींड आपल्या रक्तात आहे. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांच्या गिटारीवरच्या सिनेगीतांच्या तबकड्या घराघरांत वाजल्या. ब्रिजभूषण काबरांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत बासरी आणि संतूरच्या शेजारी गिटारीला मानाने बसवलं. त्या काळात हवाईयन गिटारच्या शिकवण्या लावणारी घरं आपल्याकडेही होती.

तशी एखादी माळ्यावर पडली असेल, तर रंग लावू नका, पिकअप काढू नका, रद्दीवाल्याला तर मुळीच देऊ नका. नव्या तारा चढवा आणि वाजवता येणाऱ्या माणसाच्या मांडीवर तिला एकदा ठेवा.