फलाटावरची पाचवी भाषा

नवापूर स्टेशनवर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. लोक त्यावर बसून फोटो काढतात. माझे कान भोंग्याकडे असतात. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चार भाषांत गाडी येते नि जाते. बाकावरच्या दोघी बायका बोलत असतात ती मावची. फलाटभर तीच, भोंग्यात तेवढी नाही.

भोंग्यातली मावची ऐकायची तर लगीनसराईत बाहेर पडावं. टेम्पोवर रचून बांधलेले स्पीकर, डोळे दिपवणारे दिवे, कीबोर्डवाला, ऑक्टोपॅडवाला, आणि माईकवर रोडाली, म्हणजे लग्नगाणी. लग्नात बायका तोंडाने म्हणत आल्या त्या चाली आता विजेवर चढल्यात. पावरी या फुंकवाद्याचा घुमता सूर कीबोर्डातून येतो तो जरा नाकातला, जरा ताणलेला, कुठल्यातरी भलत्याच ग्रहावरचा वाटावा असा. मला तोच आवडतो. हातात हात गुंफून रांगा फिरत राहतात, गाणं काही संपत नाही.

जाणकार नाक मुरडतात. कुठे आपली भोपळ्याची पावरी, कुठे हा कर्कश बाजा! (हेच जाणकार स्वतःच्या मुलाच्या वरातीत डीजे लावतात, ते असो.)

त्यांना मी वेल्समधल्या एका रणगाड्याची गोष्ट सांगतो. कार्डिफमध्ये 1993 साली जमलेला ‘सुपर फरी अॅनिमल्स’ हा बँड. या मंडळींनी 1996 मध्ये खराखुरा रणगाडा मिळवला, निळा रंगवला, आत दणदणीत स्पीकर बसवले आणि जत्रा-महोत्सवांतून फिरवला. पुढे अंगभर केसाळ यतीचे पोशाख चढवूनही ते मंचावर आले. आपल्याकडच्या काठी गावच्या राजवाडी होळीत अंगावर ठिपके काढून, मोरपिसांचा टोप घालून रात्रभर नाचणारे बुध्या ज्यांनी पाहिलेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

हा बँड बहुतेक इंग्रजीत गायचा, आणि घरच्यांचे बोल त्याबद्दल खायचा. मग 2000 साली त्यांनी ‘मुंग’ हा अल्बम काढला, अथपासून इतिपर्यंत वेल्शमध्ये. त्यांची आधीची रेकॉर्ड कंपनी बंद पडत होती, म्हणून स्वतःच्याच छोट्या लेबलवर, थोड्या पैशांत. तो ब्रिटनच्या अल्बम-यादीत 11व्या क्रमांकावर गेला. त्यात भाषेचं गुणगान नाही. जुना रोमन रस्ता आहे, डोक्यामागेही डोळे असलेली शाळेतली बाई आहे. भाषेला हार घालून खुर्चीवर बसवलं नाही, तिला चिखलात खेळू दिलं.

वेल्श बोलणारे 2021च्या जनगणनेत साडेपाच लाखही भरले नाहीत. मावची ज्यांतली एक, त्या भिली आणि तिच्या बहिणी मिळून 2011च्या जनगणनेत एक कोटीवर. पण तिकडे 1982 पासून वेल्शची स्वतंत्र दूरचित्रवाहिनी आहे, स्टेशनवर आधी वेल्श ऐकू येते. इकडे एक कोटींची भाषा आठव्या अनुसूचीतही नाही. तिचा सगळा भार टेम्पोवर.

म्हणून टेम्पोवरच्या या बँडांकडून मला एक हवंय. वरातीपलीकडचा, बसून ऐकायचा एक अख्खा अल्बम. विषयांची कमी नाही. बारडोलीकडच्या ऊसतोडीला जाणारी गाडी आहे, आश्रमशाळेतली पहिली रात्र आहे, बुडालेलं गावही आहे. वेल्समधलं कॅपेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव 1965 साली लिव्हरपूलच्या पाण्यासाठी बुडवलं गेलं. आपल्या अक्कलकुव्यातलं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. धरणविरोधी आंदोलनाच्या घोषणा त्यावर पुष्कळ झाल्या. मला त्या गावाचं गाणं ऑक्टोपॅडवर हवंय, त्याच नाकातल्या पावरीसकट, आणि आवाज अजिबात कमी न करता.