मॉरिशसमध्ये आपली चूल

देशभरचे पासपोर्ट छापले जातात ते आपल्या नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. पण त्या पासपोर्टवर स्वतःचा शिक्का बसवून घ्यायची वेळ आली, की घोडं अडतं ते जेवणाच्या खर्चापाशी. तिकीट एकदाच काढायचं असतं, पोट दिवसातून तीनदा मागतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मॉरिशसला जायचं ठरलं तेव्हा आम्ही पाच जण होतो: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. हॉटेलचा पाच माणसांचा हिशेब मांडला, तर एक तिकीट गळत होतं. कुणाचं, ते कुणी बोललं नाही. सासूबाईच म्हणाल्या, "मी राहते घरी, तुम्ही जाऊन या." त्या रात्री मी वही काढली. पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाकला स्वयंपाकघरासह घर भाड्याने मिळतं. तसं घेतलं तर पाचही जण जाऊ शकत होतो.

तुम्हीही हिशेब मांडाल तेव्हा आधी रुपये लिहू नका, जेवणं मोजा. सात दिवस म्हणजे एकवीस वेळा. त्यातले सात नाश्ते घरी. रात्रीची सहा जेवणं घरी, शेवटचं बाहेर. दुपारची सहा डब्यातली किंवा रस्त्यावरची आणि एकच हॉटेलातलं. म्हणजे एकवीसपैकी हॉटेलची फक्त दोन. ती दोन मात्र मनसोक्त जेवा, तिथे काटकसर नको.

सामान काय न्यायचं? इथे बायकांचा हात सैल सुटतो. अहो, तांदूळ, डाळी, पीठ, मसाले सगळं तिथे मिळतं. त्या देशातले बहुसंख्य लोक भारतातून गेलेल्या मजुरांचे वंशज आहेत. ऊसमळ्यांसाठी १८३४ पासून जहाजं भरभरून माणसं नेली. ती जिथे उतरत, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा झाला. त्यांत आपले कोकणातले मराठी लोकही होते, म्हणून तर तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. तेव्हा घरून न्या फक्त जे तिथे मिळणं कठीण: गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट. सगळं सीलबंद. आणि नाशिकची म्हणून कौतुकाने द्राक्षं मुळीच नेऊ नका. ताजी फळं, भाज्या, बियाणं परवान्याशिवाय आत नेऊ देत नाहीत.

कुकर न्यायचा असेल तर घरमालकाला आधी विचारा, शेगडी कसली आहे. इंडक्शन असेल तर आपला साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. शिवाय तिथले बहुतेक प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन दांड्यांचे, तेव्हा ॲडॉप्टर हवाच.

पाच माणसांना आठवड्याचा शिधा मी असा धरला: तांदूळ अडीच किलो, डाळ एक किलो, कणीक दोन किलो, तेल एक लिटर, कांदे-बटाटे दोन-दोन किलो. पोहे किलोभर घरूनच नेले. चहाला दुधाची पावडर अर्धा किलो. तिचं चारेक लिटर दूध होतं. ताज्या दुधाचा हट्ट सोडा, तिथल्याही घरांतून पावडरच चालते. तो देश खाण्याच्या बहुतेक वस्तू बाहेरून आणतो, शेतजमीन बरीचशी उसाखाली. म्हणून चीज, सफरचंद, डब्यातला खाऊ यांना हात लावला की बिल फुगतं. पाव मात्र घ्या, त्याचा दर सरकारने बांधून दिलेला आहे.

भाजीबाजार ही तर मौजच! भेंडीला तिथे 'लालो' म्हणतात, कारल्याला 'मार्गोझ', कोथिंबिरीला 'कोतोमिली', पालेभाजीला 'ब्रेद'. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी बोट दाखवून पडवळ घेतलं आणि घासाघीसही केली, मराठीतून! पण भाव ऐकताना एक लक्षात ठेवा: बरेचदा तो किलोचा नसून अर्ध्या किलोचा असतो. शिवाय तिथला एक रुपया सध्या आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या घरात जातो. म्हणजे चाळीस ऐकलं तर किलोला आपले दीडशेच्या आसपास झाले. मग कोणती भाजी घ्यायची ते आपोआप कळतं.

दुपारी समुद्रावर असाल तर दालपुरी खा. वाटलेली डाळ भरलेली मऊसूत पोळी, जणू गूळ न घातलेली पुरणपोळीच, वर घेवड्याची रस्सा-भाजी, टोमॅटोची चटणी आणि लोणचं. जोडीने मिळते. डाळीची तिखट भजी पावात घालून देतात, ती मुलांनी रोज मागितली. पोटभर होतं आणि हॉटेलच्या एका थाळीत घरभराचं भागतं.

आता खरा प्रश्न. तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब जाऊन पुन्हा कणीकच तिंबायची, तर बाईची सुट्टी कुठे गेली? हा प्रश्न मी निघण्यापूर्वीच सगळ्यांसमोर ठेवला. पोळ्या एक दिवसाआड, बाकीचे दिवस पाव नाहीतर भात. रात्री वरणभात, एक भाजी, तासाभरात ओटा मोकळा. भांडी ह्यांच्याकडे, सकाळचा चहा मोठ्या मुलाकडे, भाजी निवडणं सासूबाईंकडे. पहिल्या रात्री ह्यांनी "उद्या घासू" म्हणून पाहिलं. मी वाळूत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी चहाला कप उरले नाहीत, त्यानंतर रोज रात्री भांडी घासली गेली. हे वाटप निघण्याआधीच करून घ्या बरं, तिथे गेल्यावर होत नाही.

शेवटच्या दोन दिवसांत नवीन काही आणू नका. उरलेल्या भाज्यांचं सांबार करा, कणकेच्या दशम्या करून परतीच्या प्रवासाला बांधा. मुंबईला उतरून नाशिक रोडची गाडी मिळेपर्यंत त्याच उपयोगी पडतात. आमचा पाव किलो तांदूळ उरला होता, तो घर झाडायला येणाऱ्या बाईंना दिला. त्यांनी जाताना कागदात गुंडाळून कढीपत्ता आणून दिला. त्याला तिथे 'कारिपुले' म्हणतात. तो विमानात नेता येणार नव्हता, म्हणून निघायच्या सकाळी सगळाच्या सगळा पोह्यांत घातला.