तिसरी वाट

व्यापारी घरात मुलांच्या शिक्षणाचा विचार सहसा दोन वाटांनी होतो. एक वाट बी.कॉम. आणि सी.ए.ची, ती फिरून पेढीवरच येते. दुसरी डॉक्टरकीची, तिचा मान साऱ्या नात्यागोत्यात मिळतो. बार्शीच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांची आडत असलेल्या एका घरातील कन्येने दहावीनंतर तिसऱ्याच वाटेचे नाव काढले, तेव्हा प्रथम कोणाला ते नावच नीट उच्चारता येईना. न्यूरोसायन्स, अर्थात चेताविज्ञान : मेंदू आणि मज्जातंतू यांच्या कार्याचे शास्त्र.

या ओढीचे मूळ घरातच होते. तिच्या आत्याला बाराव्या वर्षापासून आकडी येत असे. तशा वेळी दार लावून घेतले जाई. कोणी कांदा हुंगवी, कोणी चप्पल. पुढे डॉक्टरांनी फेनिटॉइनच्या गोळ्या दिल्या आणि आकडी थांबली. लपवण्याची सवय मात्र थांबली नाही. स्थळ पाहायला येई, तेव्हा गोळ्यांची बाटली धान्याच्या कोठीमागे जाई. अखेर एक ठरलेले लग्न कुजबुजीने मोडले आणि आत्या माहेरीच राहिली. आज दुकानाचे सारे हिशेब तिच्या हाताखालून जातात. हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. त्यात अपस्माराचा उल्लेख विवाहास बाधा म्हणून होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. कायद्यातून पुसलेले शब्द माणसांच्या मनातून पुसायला अधिक वेळ लागतो.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा विकार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत लोक आकडीविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्यांचे काय, हा त्या मुलीचा पहिला प्रश्न होता.

वडिलांचा प्रश्न व्यापाऱ्याचा होता : वर्षे किती, भांडवल किती, आणि पुढे काय? मुलीने उत्तर वहीत मांडून दाखवले. आपल्या देशात बारावीनंतर थेट या नावाची पदवी देणारी ठिकाणे थोडी. बहुतेकांचा प्रवास जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित किंवा मानसशास्त्र यांतून होतो. पुण्यात २००६ साली स्थापन झालेल्या आयसर संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. तेथे आरंभी सर्वांना सर्व मूलभूत विज्ञाने शिकावी लागतात आणि प्रवेशासाठी आयसरची स्वतंत्र परीक्षा असते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत चार वर्षांची संशोधनप्रधान पदवी आहे आणि चेताविज्ञानाचे स्वतंत्र केंद्रही आहे. म्हणून अकरावीत जीवशास्त्र घेताना गणित सोडायचे नाही, हा तिचा पहिला निर्णय. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांच्या विद्युत-संकेतांचा अर्थ गणिताविना लागत नाही.

केवळ पदवीवर थांबले तर या शास्त्रात फार काही हाती लागत नाही, हेही तिने लपवले नाही. पुढे पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे आहेत. मात्र त्या काळाचा भार घरावर पडेलच असे नाही; राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. वडिलांनी आकडे दोनदा तपासले आणि म्हणाले, “मुदत लांब आहे, पण माल नासणारा नाही.”

आजोबांचा प्रश्न सर्वांत शेवटी आला आणि सर्वांत जड होता. “बाळ, हे शिकताना जीव मारावे लागतील का?”

मुलीने गोड उत्तर दिले नाही. या शास्त्राचे पुष्कळसे ज्ञान ३०२ चेतापेशींच्या इवल्याशा कृमीपासून, फळमाशीपासून आणि उंदरापासून मिळाले आहे. पाठशाळेत शिकलेल्या भाषेत सांगायचे तर द्वीन्द्रिय, चतुरिन्द्रिय आणि पंचेन्द्रिय. आत्याची गोळीही याला अपवाद नव्हती. फेनिटॉइनचा आकडीवरील गुण १९३० च्या दशकात अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी शोधला, तो मांजरांना विजेचे झटके देऊन.

घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आत्याच म्हणाली, “हे मला कोणी सांगितले असते, तरी मी गोळी घेतलीच असती. पण निदान ते ऋण आहे, एवढे तरी मला कळले असते.”

आजोबांनी त्या ऋणाचाच धागा धरला. ऋण नाकारता येत नाही. पण पुढचे कर्ज कमी करता येते. मुलीने त्या दिशेने शोध घेतला. रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच प्राणिप्रयोगांसाठी तीन सूत्रे मांडली होती : पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन अभ्यासक्रमातून टप्प्याटप्प्याने दूर करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूचे विद्युत-आलेख टिपले. अपस्माराच्या निदानात ईईजी आजही महत्त्वाचा आहे आणि त्यासाठी कोणाचा जीव जात नाही. एमआरआयद्वारे होणारा अभ्यास आणि संगणकावरील प्रतिरूपे याच जातीची. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंची पेढी आहे. नेत्रदानाची परंपरा असलेल्या घराला हे दान परके वाटले नाही.

अखेर असे ठरले : कल मानवी मेंदूच्या आणि गणिती अभ्यासाकडे ठेवायचा. प्रवेशापूर्वी प्रत्येक संस्थेला प्राणिप्रयोग सक्तीचे आहेत का, हे लेखी विचारायचे. पुढे एखादा प्रश्न प्राण्याविना सुटत नाही असे दिसले, तर त्या दिवशी नव्याने विचार करायचा. आज शपथ घेऊन उद्या पळवाट शोधायची नाही.

राहिली ती आईची चिंता, आणि ती खरी होती. मुलगी हा विषय का निवडते आहे, असे लोक विचारतील. आत्याचे नाव निघाले, तर उद्या मुलीच्याच स्थळांना अडचण येईल. आईने सुचवले, की विषयाची आवड आहे, एवढेच सांगावे.

आत्याने मात्र खर्चाला संमती देताना एकच अट घातली. आडतीच्या वहीत खोटी नोंद चालत नाही, मग घरात का चालावी? कोणी विचारले तर खरे कारण सांगायचे, तिच्या नावासकट.