पिलांना खाऊ द्यावा तरी किती?

कोंबडीची पिलं आणायची हे आम्ही झटकन ठरवलं. ती घरात आल्यावर त्यांना काय घालायचं, तिथे मात्र माझं डोकं चालेनासं झालं. मुकुंदवाडी आता छत्रपती संभाजीनगर शहरात मोडते, पण आमच्या गल्लीतली निम्मी घरं जालना-बीडकडच्या खेड्यांतून आलेली. ज्याच्या त्याच्या आठवणीत एखादं खुराडं आहे आणि म्हणून ज्याच्या त्याच्याकडे सल्लाही आहे. वनराजा जातीची एक दिवसाची पिलं पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली, तर कोणी म्हणालं बाजरी टाका, कोणी म्हणालं भात मऊ असतो, तोच द्या. शेजारची लेकरं मुठीत शेव-चुरमुरे घेऊन दारात उभी. पिलं देणाऱ्याने बजावलं होतं, 'पहिले दोन महिने चिक स्टार्टर, म्हणजे पिलांचं तयार खाद्य. दुसरं काही नको.'

शेजारच्या आजींना ते पटेना. त्या अंबड तालुक्यातल्या. 'पिल्लाला कण्या घाल माय. अख्खी जवारी कशी गिळंल ते? आमच्या घरी कोंबड्या कण्यांवरच वाढल्या. ही पुडीतली पावडर कुठं होती तवा?' आजींनी हयातभर कोंबड्या पाळल्या आहेत. त्यांचं खोटं कसं म्हणायचं? आणि पिलं देणाराही रोज हेच काम करतो, त्याचं तरी कसं डावलायचं?

पहिल्या दिवसापुरतं सगळ्यांचं एकमत होतं. गुळाचं कोमट पाणी, कागदावर पसरलेला मक्याचा बारीक भरडा आणि बल्बची ऊब. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस तग धरू शकतं. म्हणूनच एक दिवसाची पिलं खोक्यातून लांबचा प्रवास करू शकतात. पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची. पिलं बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पांगून चोची उघडून धापा टाकू लागली तर उकडतं आहे. हे डोळ्यांना दिसत होतं, त्यामुळे समजत होतं. खाण्याचं तसं नव्हतं. जे टाकू त्यावर ती तुटून पडत. चांगलं-वाईट त्यांच्याकडे बघून कळायला काही मार्गच नव्हता.

शेवटी एका पशुवैद्यांना गाठलं. त्यांनी आधी पिलाचं वजन विचारलं. ताजं पिल्लू जेमतेम ३५-४० ग्रॅमचं. त्याच्या गळ्याखालच्या पिशवीत मावतं किती? त्यातला प्रत्येक घास मोलाचा. वाढत्या पिलाच्या खाद्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. ज्वारीत ती सुमारे १० टक्के, तांदळात त्याहून कमी. पोट कण्यांनी भरलं तर पिल्लू उपाशी दिसणार नाही, पण पिसं उशिरा फुटतील, पाय अशक्त राहतील. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिलांना अजिबात घालू नका, असंही त्यांनी सांगितलं. त्यात कवचासाठी भरपूर कॅल्शियम असतं आणि पिलांच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. मग मी आजींचं म्हणणं त्यांच्यापुढे ठेवलं. ते म्हणाले, 'आजी खरंच सांगतात. फक्त त्यांच्या घरामागे उकिरडा होता, तो तुमच्याकडे नाही.'

या एका वाक्याने माझा गुंता सुटला. गावची कोंबडी पिलांना घेऊन दिवसभर उकिरडा उकरते. किडे, अळ्या, वाळवी, गवताचे कोंब हे सगळं पिलं तिथेच वेचतात. दारात पडणाऱ्या कण्या हा त्यांच्या जेवणाचा एक भाग, प्रथिनांचा भाग उकिरड्यावर मिळायचा. मोजून कोणी घालत नव्हतं, म्हणून तो कोणाच्या हिशेबात आला नाही. आमच्या अंगणात फरशी आहे. तिथे उकिरड्याचं काम स्टार्टरलाच करावं लागतं. वनराजा ही जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठीच तयार केली आहे. मोठेपणी ती फिरून पोट भरते, पण लहानपणी तिलाही ऊब आणि पुरतं खाद्य लागतंच.

मग खाऊ द्यायचाच नाही का? त्याचं उत्तर मला मोकळ्या प्लॉटवर मिळालं. तिथे एकाची गावरान कोंबडी पिलं घेऊन हिंडते. तिला काही सापडलं की ती भराभर कुक्-कुक् करते, किडा चोचीत उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते. पिलं धावत येतात आणि तो तुकडा खातात. ती स्वतः बहुतेक वेळा खात नाही. ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक क्रिस्टीन निकोल यांनी एका सहकाऱ्यासोबत यावर प्रयोग केले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं, की पिलं चुकीच्या दाण्यांवर चोच मारत आहेत असं वाटलं की कोंबडी चांगल्या दाण्यांकडे आणखी जोराने लक्ष वेधते. म्हणजे खाऊ देणं ही आईचीच रीत आहे. ती एका वेळी एखादाच तुकडा दाखवते आणि तोही निवडून.

पिलं दोन आठवड्यांपुढची झाल्यावर मी कोथिंबिरीची पानं अगदी बारीक चिरून चिमटीभर टाकली. आधी सगळी मागे सरकली. मग एकाने मान तिरपी करून एका डोळ्याने पान न्याहाळलं, झडप घातली आणि ते चोचीत धरून पळत सुटलं. बाकीची त्याच्या मागे! खाली तसेच तुकडे पडलेले, पण सगळ्यांना हवं ते त्याच्याच चोचीतलं. तीन वेळा ते पान या चोचीतून त्या चोचीत गेलं आणि शेवटी कोपऱ्यात एकाने गिळलं. त्या दिवसापासून मी बसले की ती माझ्या हाताशी येऊ लागली. खाऊचा खरा उपयोग मला हाच वाटतो. पिल्लू माणसाळतं. हातात आलं की त्याचे डोळे, पाय, शेपटीखालची जागा पाहता येते. तिथे विष्ठा चिकटून वाळली तर वाट बंद होऊन पिल्लू दगावू शकतं. कोमट पाण्याच्या बोळ्याने हळूच पुसून घ्यावं लागतं.

खाऊबरोबर बारीक वाळूही लागते. कोंबडीला दात नसतात. कलेजीबरोबर मिळणारा तो पोटा आहे ना, त्यात गिळलेल्या खड्यांनी दाणा दळला जातो. भुगा केलेला स्टार्टर पाण्याने मऊ होतो, पण पानं आणि कण्या दळायला खडे हवेत. म्हणून धुतलेली भरड वाळू एका झाकणात ठेवली. उकडलेल्या अंड्याचा चुरा अधूनमधून देते, त्यात प्रथिनं आहेत. आजींच्या कण्याही देते, दुपारी, चिमटीभर. सगळा खाऊ मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ देत नाही. उरलेलं तासाभरात उचलते. ओल्या जागी रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तरी पिलांची थाळी रोज घासायचीच.

शेव, फरसाण, मिठाचं काहीही नाही, कच्च्या डाळी-राजमा नाही. आणि बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणे तर मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यात मका भरपूर, काढणीला पाऊस आला की कणसं काळवंडतात आणि 'कोंबड्यांना होईल' म्हणून बाजूला पडतात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, ते बुरशीच्या शेंगदाणा पेंडीमुळे. अफ्लाटॉक्सिन हे विष त्यातूनच शास्त्रज्ञांना सापडलं. माणसाने टाकून दिलेला दाणा पिलांसाठी सर्वांत धोक्याचा असू शकतो.

सायकलवर रंगवलेली पिलं विकायला येतात आणि मुलं हट्ट धरतात. ती रंगीत असली तरी इतर पिलांसारखीच कोवळी असतात. घरी आणलीच, तर पहिल्या दिवशी शेव-चुरमुरे देऊ नका. आधी ऊब, स्वच्छ पाणी आणि स्टार्टर द्या. राणीखेत म्हणजे मानमोडीची लस पहिल्या आठवड्यातच देतात, तिची चौकशी पशुवैद्याकडे करा. खाऊ दोन आठवड्यांनी, चिमटीने द्या. मूठ भरून देऊ नका.